डाव्या दाराचे माप

आमच्या जुन्या गाडीच्या मागच्या काचेवर डिंकाचे थर होते. घासून ते कधी पुरते निघाले नाहीत. भाऊबंदांत ज्या मुलाचे लग्न ठरे, त्याचे आणि नवरीचे नाव रंगीत कागदात कापून त्या काचेवर चिकटवले जाई आणि वरात परतली की नखांनी खरवडून काढले जाई. एखादी वेलांटी, एखादा अनुस्वार मागे राही. उन्हे तिरपी झाली की ते अवशेष दिसत.

गाडी लांब होती. मागे डिकीऐवजी काचांची खोली असावी तशी जागा. कंपनी तिला स्टेशन वॅगन म्हणे. गावाकडे तिचे नाव 'लंबी' पडले. मी वणीजवळच्या कोळसा खाणीत सर्वेक्षक होतो, राहायला वणीतच. मुलगी शाळेत असताना मी ती घेतली. त्या काळी आमच्या भाऊबंदांत दुसरी चारचाकी नव्हती. त्यामुळे ती माझ्या नावावर असली तरी माझी एकट्याची कधीच नव्हती. थोरले बंधू लग्नाची तारीख धरण्याआधी निरोप पाठवत, 'लंबी रिकामी हाय का, इचारा.' नवरदेव तीतूनच जाई. बाळंतीण तीतूनच येई. बियाण्याच्या थैल्या, तुरीचे कट्टे, दवाखान्यात न्यायचा माणूस, सगळे त्याच काचांच्या खोलीतून गेले. मी कोणाला नाही म्हटले नाही. त्यात औदार्य नव्हते. आमच्यात ते तसेच असते.

माझी पत्नी गाडी चालवायला शिकली ती पन्नाशी ओलांडल्यावर. तिच्या वडिलांनी तिच्या नावे काही शेत करून दिले होते. ते मारेगावच्या वाटेवर आहे, आमच्या घरापासून फार दूर नाही, पण तिला पायी जाण्याजोगेही नाही. वडील होते तोवर ते पाहत. ते गेल्यावर शेत बटाईने द्यावे असे माझे मत होते. तिचे नव्हते. त्याच सुमारास खाणीत पडून माझा उजवा हात मोडला आणि सोयाबीन सोंगणीला आले. तिने कोणाला विचारले नाही. वणीतल्या मोटार शिकवणाऱ्याकडे नाव घातले.

तिच्याबरोबर शिकणारी सारी पोरे कोळशाच्या ट्रकवर जाणारी होती. त्यांत ही एकटी नऊवारी नसली तरी पदर खोचलेली बाई. शिकवणारा म्हणे, "काकू, क्लच सोडा हळू, पोळी नाई लाटून राह्यल्या तुमी." ती म्हणे, "तू पोळी लाटून दाखव मले एक दिवस, मंग बोल." पोरे हसत. हे तिनेच मला घरी येऊन सांगितले. मी हात गळ्यात बांधून बसलो होतो. हसलो नाही, असे आठवते.

ती चांगली चालवू लागली. हे मी सर्वेक्षकाच्या नजरेने सांगतो. तिला अंतराचा अंदाज होता. आमच्या भागातले रस्ते कोळशाच्या ट्रकांचे आहेत. बाकीच्यांनी उरलेल्या कडेने जायचे. तिला तो नियम मान्य नव्हता. काच खाली, बांगड्यांचा हात बाहेर, आणि ट्रक वाट देईना तर त्याच्या बरोबरीला येऊन ती ओरडे, "ओ भैया, सडक क्या तुम्हारे ससुरने बांधी है?" परप्रांतीय चालकही हसून बाजूला होत. घरी येई तेव्हा तिच्या कपाळावर कोळशाच्या धुळीची रेघ असे. शेतात निंदणाला येणाऱ्या बाया वणीच्या कडेच्या वस्तीतल्या. सकाळी ती त्यांना गाडीत घेई आणि संध्याकाळी आणून सोडी. विळे, डबे, पाण्याच्या कॅन, एकीचे तान्हे, आणि सगळ्यांचे एकाच वेळी बोलणे. लंबी आमच्या गल्लीच्या तोंडाशी वळली की आधी बोलणे ऐकू येई, मग इंजिन.

गाडी म्हातारी झाली. तिचे पासिंग एकदा वाढवून झाले होते. दुसऱ्यांदा वाढवायचे म्हणून मिस्त्रीकडे नेली, तर तो खालून निघून हात पुसत म्हणाला, "साहेब, बुड सडलं. पाय आरपार जाईन एखाद्या दिवशी." सुटे भाग मिळणे केव्हाच बंद झाले होते. मागचे दार सुतळीने बांधून ठेवावे लागे. निर्णय कठीण नव्हता. दुसरी गाडी घ्यायची.

आम्ही दोघे चंद्रपूरला गेलो. मी निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली होती, ती साठीच्या पुढे होती. विक्रेता मुलगा टापटीप होता. त्याने प्रत्येक गोष्ट मला उद्देशून सांगितली. "सर, ही फॅमिलीसाठी. सर, ही लाँग रूटसाठी." तिने मधेच विचारले, "अन् चालवासाठी कोणती?" मुलगा गोंधळला. मग एका लहान, लाल गाडीकडे बोट करून म्हणाला, "काकू, चालवायची मजा हिच्यात आहे. पण सरांना छोटी पडेल."

"सर नाई चालवून राह्यले," ती म्हणाली. "चाबी दे."

मी तिच्या शेजारी बसलो, मुलगा मागे. शहराबाहेरच्या रस्त्यावर तिने गाडी सोडली. लंबीचे स्टिअरिंग दोन्ही हातांनी ओढावे लागे. हिचे एका बोटाने फिरत होते. तिने एका ट्रकला मागे टाकले, मग दुसऱ्याला. एका मोकळ्या जागी एकाच दमात गाडी उलटी वळवली आणि हसू लागली. असे हसणे मी बऱ्याच वर्षांत ऐकले नव्हते. "अहो, हे तं बकरीच्या पिलावानी उड्या मारते!"

"बियाण्याच्या थैल्या मावणार नाहीत," मी म्हणालो.

"थैल्या आता दुकानदार शेतावर पोचवून देते. कट्टे ट्रॅक्टरनं येतात. तुमी शेवटी कवा वाह्यले?"

मला आठवेना. पण मागची जागा खरोखर कमी होती. मी खाली उतरून डिकी उघडून पाहिली. ती गाडीतच बसून राहिली, हात स्टिअरिंगवर ठेवून. मुलाने विचारले, "मग सर, हीच बुक करायची का?" मी म्हणालो, घरी विचारून सांगतो.

घरी म्हणजे गावी. पुतण्याच्या मुलाच्या साखरपुड्यासाठी, आमच्याकडच्या साक्षगंधासाठी, सगळे जमणारच होते. तिथे गाडीचा विषय निघणार हे मला ठाऊक होते. मी तो काढला नाही. थोरल्या बंधूंनी काढला.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. नवऱ्याच्या थोरल्या भावाला आमच्याकडे भासरा म्हणतात, आणि भासऱ्याशी धाकट्या भावाच्या बायकोने समोरासमोर बोलायचे नाही, हा आमच्यात रिवाज आहे. ती पदर घेऊन आडोशाने बसते. काही सांगायचे झाले तर जावेला सांगते आणि जाऊ ते पुढे सांगते, जरी सर्वांना पहिल्यांदाच ऐकू गेलेले असते. तरुण सुना आता हे पाळत नाहीत. माझ्या पत्नीने पाळले. कोळशाच्या ट्रकचालकाला सासरा काढणारी बाई माझ्या बंधूंपुढे पस्तीस-चाळीस वर्षांत एक वाक्य सरळ बोलली नाही. याचा अर्थ असा की त्या घरात तिचे म्हणणे मांडणे हे माझे काम होते.

चहा फिरला. बंधू म्हणाले, "लंबी निकालात निघाली म्हणते. आता कोणती पाह्यली?"

मी दोन-तीन गाड्यांची नावे घेतली. शेवटी लहानीचेही घेतले. पुतण्याने फोनवर तिचे चित्र काढून सर्वांना दाखवले.

"लाल?" बंधू म्हणाले. "आगीचा बंब घेऊन राह्यला का बे?"

हशा झाला. दुसरा एक भाऊबंद म्हणाला, "याच्यात नवरदेव कसा बसवाचा मंग? फेटा काढून?"

"फेटा डिकीत, नवरदेव समोर," तिसरा म्हणाला.

"अन् डिकीत फेटा मावते का ते बी पाहा लागन!"

बंधूंनी हात वर केला, तेव्हा हसणे थांबले. "हे पाह्य. आपल्या घरची गाडी हाय. सात जणाची पायजे. आता ह्याच पोट्ट्याचं लगन हाय, मंग त्याच्या मागच्याचं हाय. लोकायच्या गाडीत नवरदेव न्याचा का आपल्या घरचा?"

आडोशाकडून पत्नीचा आवाज आला. ती जावेशी बोलत होती, पण आवाज खाली नव्हता. "बाई, सांगा त्यायले. नवरदेवाले घोडा आणा म्हणा. घोड्याले पासिंग लागत नाई."

माणसे मोठ्याने हसली. बंधूही हसले. मग जावेने, हसू आवरत, पुढचेही सांगितले, "ते म्हणते, गाडी तिले चालवा लागते. शेतात जाले. मोठी तिले झेपत नाई म्हणते."

बंधूंनी तिच्याकडे पाहिले नाही, पाहायचेही नसते. माझ्याकडे पाहिले. "तुयं काय म्हणणं?"

तिने पदराच्या आत मान वर केली असावी. मला पाहता येत नव्हते असे नाही, पण मी पाहिले नाही. मी म्हणालो, "मोठीच घेऊ. सवयीनं येईल तिलाही."

एवढेच झाले. चिवड्याच्या बश्या आल्या आणि बोलणे पावसाकडे वळले.

परतीच्या वाटेवर लंबी तीच चालवत होती. मला वाटले, ती काही बोलेल. राजूरचा फाटा गेल्यावर तिने एवढेच विचारले, "तुमाले ते पटलं, का त्यायच्यासमोर म्हटलं?" मी म्हणालो, दोन्ही. तिने मान हलवली आणि पुढच्या ट्रकला वाट दिली. ती सहसा वाट देत नसे.

मी पुन्हा चंद्रपूरला गेलो तेव्हा एकटा गेलो. सोबत मापाची टेप नेली. आयुष्यभर मी जमिनीखालची अंतरे मोजली. वरच्या गोष्टीही मोजूनच घ्याव्या हा माझा स्वभाव झाला आहे. सात जणांच्या तीन गाड्या होत्या. तिन्हींच्या बुडापासून जमिनीपर्यंतची उंची घेतली, कारण शेताच्या वाटेवर काळ्या मातीत खोल चाकोऱ्या पडतात. मागच्या सीट पाडून लांबी घेतली. आमच्या घराच्या फाटकाची रुंदी लिहून नेली होती, ती ताडून पाहिली. तिचे गुडघे दुखू लागले होते, म्हणून जमिनीपासून सीटपर्यंतची उंचीही घेतली. जी सर्वांत सोयीची होती ती निवडली. चढायला पायरी होती आणि वर धरायला मूठ. विक्रेता मुलगा म्हणाला, "सर, एवढं मोजून कोणी घेत नाही." मला ते आवडले.

ते माप मी डाव्या दाराचे घेतले होते. चालकाचे दार उजवे. तिथे मी टेप लावलीच नाही.

हे त्या दिवशी माझ्या लक्षात आले नाही. पुढे आले. टेप बरोबर होती, आकडे बरोबर होते, आणि ती कुठे बसणार हे मी न विचारता ठरवून टाकले होते.

गाडी पांढरी घेतली, कारण नवरदेवाच्या गाडीवर झेंडूचे हार पांढऱ्या रंगावर उठून दिसतात, असे बंधूंचे म्हणणे होते. चाकाखाली लिंबू ठेवले, नारळ फोडला. पत्नीने बोनेटवर हळदी-कुंकवाचे स्वस्तिक काढले. त्यासाठी तिला टाचा उंचवाव्या लागल्या. विक्रेत्या मुलाने पुठ्ठ्याची एक भली मोठी चावी आमच्या दोघांच्या हातात देऊन फोटो काढला. फोटोत ती हसते आहे. खरी चावी मुलाने माझ्या हातात दिली, आणि मी ती खिशात ठेवली. घरी मी चालवत आणली. ती डाव्या दाराने चढली. मूठ धरून, सहज.

पहिल्या आठवड्यात तिने प्रयत्न केला. पाठीमागे उशी घेतली, कारण त्याशिवाय क्लच तळापर्यंत दबत नव्हता. उशी घेतली की स्टिअरिंग छातीशी येई. बोनेट इतके उंच की त्याच्या पलीकडचा रस्ता तिला दिसेना. "समोर कोणी बसलं हाय असं वाटते," ती म्हणाली. तरी ती दोनदा शेतात जाऊन आली. बाया बसल्या. त्यांनी नव्या सीटवरचे प्लॅस्टिक फाडू नये म्हणून विळे फडक्यात गुंडाळले होते. दुसऱ्या वेळी परतताना फाटकातून आत घेताना डावी बाजू खांबाला घासली. आवाज मोठा झाला. मी बाहेर आलो.

घासलेला ओरखडा पुढच्या दारापासून मागच्या चाकापर्यंत होता. मी वाकून तो पाहिला, बोट फिरवून खोली पाहिली. मागे बाया उतरून उभ्या होत्या. ती अजून चालकाच्या सीटवर होती. मी तिला विचारायला हवे होते की लागले तर नाही ना. मी म्हणालो, "राहू दे. मी सोडत जाईन तुला."

हे शब्द मी रागाने म्हटले नाहीत. सोय म्हणून म्हटले. तिने इंजिन बंद केले, उतरताना दाराला धरून आधी एक पाय मग दुसरा असे हळू खाली टेकवले, आणि चावी आणून कॅलेंडरशेजारच्या खिळ्याला टांगली. ती तिने पुन्हा काढली नाही.

मी शब्दाला जागलो. रोज सकाळी ठरल्या वेळी मी गाडी काढी. तिला ठरल्या वेळी तयार राहावे लागे. पूर्वी ती मनात येई तेव्हा जाई. शेतात मी धुऱ्यावर, बांधावरच्या बाभळीखाली गाडी उभी करून पेपर वाचत बसे. ती तासाभरात परत येई. "झालं?" मी विचारी. "झालं," ती म्हणे. पण पूर्वी तिला अर्धा दिवस लागे. मी बसलेला आहे म्हणून ती काम आटोपते घेते हे कळायला मला एक हंगाम जावा लागला. एकदा मी म्हणालो, घाई करू नको. ती म्हणाली, "तुमी घड्याळ पाहून राह्यले, मले दिसते तिकून."

बायांना मी पहिल्याच दिवशी म्हणालो, बसा. त्या एकमेकींकडे पाहू लागल्या. त्यांतली वयस्क बाई म्हणाली, "नाई बा, साहेब, आमी येतो मागून. चिखलाचे पाय हायेत." मी म्हणालो, चालेल. तरी बसल्या नाहीत. काही दिवसांनी मी विचारणे सोडले. सात जणांच्या गाडीत आम्ही दोघे शेतातून घरी येत असू, आणि रस्त्याच्या कडेने बाया चालताना दिसत. आम्ही जवळ आलो की त्यांचे बोलणे थांबे. पत्नी काच खाली करून हात बाहेर काढी. मी गाडी हळू करी. थांबवायची की नाही हे मला कळत नसे, म्हणून हळू करी.

मग पुतण्याच्या मुलाचे लग्न आले, ज्याच्यासाठी हे सारे. मी गाडी धुऊन, ओरखडा रंगवून, आदल्या दिवशीच गावी नेली. नवरदेव अंगणात आला. फोनवर बोलत होता. त्याने गाडीला एक फेरी घातली आणि म्हणाला, "आबाजी, गाडी तं मस्त हाय. पण छत उघडणारी सांगितली नागपूरवरून. मित्रायनं ठरवली. मले उभं राहून याचं हाय."

"उभे राहून?"

"हो ना. छतातून. गॉगल लावून. सध्या तसंच चालते."

बंधू खाटेवर बसून ऐकत होते. मी त्यांच्याकडे पाहिले. ते म्हणाले, "पोट्ट्यायचं हाय, आपलं काय चालते आता." मग जरा वेळाने म्हणाले, "तुयी गाडी पाव्हण्यायले ठेवू." पण पाहुण्यांसाठीही ट्रॅव्हल्सची मोठी बस सांगितलेली होती, आणि तिच्यात गाणी होती, म्हणून सगळे तिच्यात चढले. शेवटी माझ्या गाडीत आहेराची भांडी आली आणि लाडवांचे दोन डबे. पत्नीही बसमधून गेली. सुना तिला हात धरून घेऊन गेल्या. मी भांड्यांबरोबर मागून गेलो. खड्ड्यात चाक गेले की भांडी वाजत. नवरदेव पुढच्या गाडीच्या छतातून कमरेपर्यंत बाहेर होता आणि वाऱ्याने त्याचा फेटा सुटत होता.

कोणी माझा अपमान केला नाही. काळ बदलला होता, आणि तो माझ्या समोरच बदलत असताना मी टेप लावून गेलेल्या काळाची लांबी मोजली, एवढेच.

त्या लग्नानंतर काही आठवड्यांनी मी तिला म्हणालो, "ही विकू. ती लाल घेऊ."

ती तूर निवडत होती. सुपातून मान वर न करता म्हणाली, "आता कायले?"

"तुला चालवायला."

"मायं लायसन कवाच सरलं."

मला माहीत नव्हते. माझ्या लायसनची मुदत संपत आली तेव्हा मी डॉक्टरचा दाखला घेऊन, रांगेत उभा राहून ते वाढवून आणले होते. तिचे मी विचारले नव्हते. मी म्हणालो, "मला सांगितले नाहीस."

"सांगून काय कराचं होतं?"

"वाढवता येईल अजून. मी येतो सोबत."

ती बराच वेळ खडे वेचत राहिली. मग म्हणाली, "कागदाचं नाई हो. मले आता भेव वाटते. ट्रक आला का छातीत धडधड होते. पयले नव्हतं होत. तुमच्या शेजारी बसून बसून तुमच्यावानीच पाहाले लागली मी रस्त्याकडे." तिने सूप पाखडले. "जाऊ द्या. वय झालं."

वय झाले, हे खरे होते. पण वय त्या लाल गाडीतही होते, आणि त्या दिवशी तिला ते आठवले नव्हते. बोलायचे ते बंधूंच्या बैठकीत बोलायचे होते. 'गाडी ती चालवते, तिने निवडली आहे, तीच घेणार.' एवढे वाक्य पुरले असते. बंधू कुरकुरले असते. मग चिवडा आला असता आणि बोलणे तसेच पावसाकडे वळले असते. मोठीच्या बाजूने मी जी कारणे मनात धरली होती, थैल्या, कट्टे, नवरदेव, भाऊबंद, त्यांतले एकही पुढे कामास आले नाही. आणि जे कारण तिने मांडले, चालवण्याची मजा, ते मी कारण म्हणून धरलेच नव्हते. मला वाटे, मजा ही सोय झाल्यावर उरली तर घ्यायची गोष्ट आहे. तिच्या बाबतीत तसे नव्हते. मजा होती म्हणून ती शेत करत होती. शेत होते म्हणून बाया होत्या. मी सोयीची गाडी आणली आणि एकेक करून ते सारे थांबले.

पूर्ण थांबले असेही नाही. ते मी थांबवू शकलो नाही, असे म्हणतो.

यंदा निंदणाच्या दिवसांत एका सकाळी मी गाडी काढून हॉर्न वाजवला, तर ती पायात चपला घालून, डबा पिशवीत टाकून, फाटकाबाहेर निघालीही होती. "तुमी राहा घरी," ती म्हणाली. "मी एसटीनं जातो. बाया बी त्याच्यानंच येऊन राह्यल्या. बायायले अर्धच तिकीट हाय आता." मी म्हणालो, तुझ्या गुडघ्यांना बसची पायरी उंच पडेल. "एक जण खालून ढकलते, एक वरून ओढते," ती म्हणाली आणि गेली. त्या दिवशी ती उन्हे कलल्यावर आली. पूर्वी येत असे तशी. तेव्हापासून ती बसनेच जाते.

परवा मला काही काम नव्हते. मी संध्याकाळी गाडी काढली आणि शेताच्या फाट्यावर गेलो. तिथे बसथांबा म्हणजे एक निंब आणि त्याच्याखाली मैलाचा दगड. दगडावर ती बसली होती, भोवती बाया. आभाळ भरून आले होते आणि बसचा पत्ता नव्हता. मी गाडी त्यांच्यासमोर उभी केली, काच खाली केली आणि म्हणालो, "बसा सगळ्या. पाऊस येईल."

बायांनी माझ्याकडे पाहिले नाही. तिच्याकडे पाहिले. मी ओळखले ते पाहणे. आडोशाच्या पलीकडून कोणी आपल्या वतीने बोलेल का, म्हणून पाहावे तसे.

ती उठून काचेशी आली. मला वाटले, दार उघडेल. तिने दारावर हात ठेवला, पुसावा तसा एकदा फिरवला आणि हळू आवाजात, मला एकट्याला ऐकू यावे असे म्हणाली, "तुमी व्हा समोर. त्या अवघडतात. बस येऊनच राह्यली."

"अन् पाऊस आला तर?"

"आला तं आला. पदर हायेत आमाले."

मागून त्या वयस्क बाईने काहीतरी म्हटले, मला कळले नाही. सगळ्या हसल्या. तीही वळून हसली आणि त्यांच्याकडे परत गेली. माझ्या उत्तरासाठी ती थांबली नाही.

मी गाडी वळवली. लांब गाडी, अरुंद रस्ता. एका दमात वळली नाही, मागे-पुढे करावे लागले. त्या सर्व वेळ त्या तिथेच उभ्या होत्या आणि बोलत होत्या. मग मी वणीच्या दिशेने निघालो. मागच्या पाचही सीट रिकाम्या होत्या, शेजारचीही. अर्ध्या वाटेवर पाऊस सुरू झाला आणि थोड्या वेळाने बस मागून येऊन मला ओलांडून पुढे गेली. मी तिला वाट दिली.